अर्धी स्ट्रिप, पूर्ण भांडण

काकू,
मी २२ वर्षांचा. इंदूरला लोकमान्य नगरात आई-बाबांबरोबर राहतो, एमपीपीएससीची, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करतोय. मागच्या वेळी प्रिलिम्स चार मार्कांनी हुकली. दिवसभर भंवरकुआँच्या एका लायब्ररीत असतो. तिथे बरेच जण डोकं चालावं म्हणून गोळ्या घेतात. मीही मित्राकडून मोडाफिनिल आणि पिरासिटाम घेऊन बघितलं. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोप येत नाही, एका बैठकीत चार तास होतात. नवव्या दिवशी आईला माझ्या जुन्या कंपासपेटीत अर्धी स्ट्रिप सापडली आणि घरात महाभारत झालं. बाबांचं एकच पालुपद : ही नशा आहे, आम्ही बदाम आणि ब्राह्मीवर शिकलो. पण पाचवी ते दहावी यांनीच मला रोज शंखपुष्पीचं सिरप पाजलंय! तेही स्मरणशक्तीसाठीच ना? ते चालतं, मग हे का नाही? शरीर माझं, मेंदू माझा, परीक्षा माझी. मी स्वतःवर प्रयोग करतोय, कोणाला त्रास देत नाही. हे त्यांना कसं पटवू?
ता. क. मॉक टेस्टचे मार्क अजून वाढलेले नाहीत, पण नऊच दिवस झाले होते.
— कंपासपेटीवाला

प्रिय कंपासपेटीवाल्या,

टोपणनाव मी ठेवलंय, चालवून घे. दहावीची कंपासपेटी बावीसाव्या वर्षीही जपणारा मुलगा नशेच्या आहारी गेलेला नसतो, एवढं तुझ्या बाबांना माझ्यातर्फे सांग. पण ज्या गोष्टीत काही गैर वाटत नाही ती माणूस कर्कटकाखाली दडवून ठेवत नाही. हे तुझ्यासाठी.

सिरपचा तुझा मुद्दा बिनतोड आहे. त्यात मी स्वतः आरोपी आहे. मी आणि ह्यांनी इंदूरला २६ वर्षं मेडिकल स्टोअर चालवलं. जानेवारी उलटला की आयांची रांग लागायची. "भाभी, मुलाच्या लक्षात राहत नाही, काहीतरी द्या ना." मी मागच्या फळीवरची तपकिरी बाटली काढायची, रोज दोन चमचे म्हणून सांगायची आणि पैसे गल्ल्यात टाकायची. आत काय आहे हे मला माहीत होतं : बरीचशी साखर आणि थोडा अर्क. शंखपुष्पी या एका नावाखाली देशभरात निदान चार वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जातात, त्यात आपली निळी गोकर्णसुद्धा आली. ब्राह्मीचंही तेच. कोणी पाण्याकाठच्या नीरब्राह्मीला ब्राह्मी म्हणतं, कोणी मंडूकपर्णीला. नीरब्राह्मीच्या अर्कावर माणसांत चाचण्या झाल्या आहेत. त्यांत जिथे फायदा दिसला तिथे तो थोडा, आणि तोही बारा-बारा आठवडे रोज घेतल्यावर. परीक्षेच्या आदल्या महिन्यात पाजलेल्या दोन चमच्यांनी काय होणार? आई आपल्यासाठी काहीतरी करते आहे हे मुलाला कळतं. तेवढं मात्र होतं, आणि ते अगदीच टाकाऊ नाही.

तेव्हा बाबांच्या बोलण्यात विसंगती आहे, मान्य. पण त्या विसंगतीतून तू काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. सिरप कुचकामी होतं म्हणून ते खपून गेलं. तुझ्या हातातली गोळी कुचकामी नाही. ती काम करते, फक्त तुला हवं आहे ते करत नाही.

आता तुझ्या दोन गोळ्या. पिरासिटाम १९६४ साली बेल्जियममध्ये तयार झालं. ते करणारे रसायनतज्ज्ञ कॉर्नेलियू जुर्जिया खरं तर झोपेचं औषध शोधत होते! झोप काही आली नाही, पण हे मेंदूवर वेगळंच काहीतरी करतं असं त्यांना वाटलं आणि १९७२ मध्ये त्यांनी अशा औषधांसाठी 'नूट्रॉपिक' हा शब्द घडवला. तुझ्या लायब्ररीत जो शब्द मोठ्या रुबाबात फिरतो तो हाच. पन्नासेक वर्षं उलटली तरी धडधाकट तरुणाची स्मरणशक्ती त्याने वाढते असा भरवशाचा पुरावा पुढे आलेला नाही. युरोपात ते स्नायूंना अचानक झटके येण्याच्या एका आजारात देतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने तर ते कुठल्याच आजारासाठी मंजूर केलेलं नाही. या गोळीवर मी आणखी शाई घालवत नाही.

मोडाफिनिल मात्र वेगळं प्रकरण आहे. ते फ्रान्समधलं. अमेरिकेत १९९८ मध्ये नार्कोलेप्सीसाठी मंजूर झालं. नार्कोलेप्सी म्हणजे बोलता बोलता, जेवता जेवता झोप कोसळण्याचा आजार. अशा माणसासाठी ही गोळी मोठा आधार आहे. म्हणजे हे औषध आहे जागं राहण्याचं. स्मरणशक्तीचं नाही. तू दोन वाजेपर्यंत जागतोस यात चमत्कार काही नाही, ते तर पाकिटावर लिहिल्याबरहुकूम झालं.

आता त्याचा हिशेब बघ. ही गोळी रक्तात निम्मी व्हायला सुमारे १२ ते १५ तास लागतात. रात्री दहाला घेतलीस तर दुसऱ्या दिवशी दुपारी, लायब्ररीत डबा उघडतोस तेव्हा, अर्धी अजून तुझ्या अंगात असते. त्यावर दुसरी. मग पहाटे जी झोप लागते ती कसली? आणि दिवसभर वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत, विशेषतः गाढ झोपेत. मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग दिवसभराचा कच्चा माल रात्री पुन्हा पुन्हा फिरवून कायमच्या कोठारात पोचवतो. म्हणजे तू गोदामाला रात्री कुलूप ठोकलंस आणि दिवसा गाड्यांवर गाड्या माल उतरवतोयस. तो फाटकाबाहेर पडून राहणार.

"पण एकाग्रता वाढते ना!" म्हणशील. बसण्याची वेळ वाढते, खरंय. २०२३ मध्ये 'सायन्स अॅडव्हान्सेस' या नियतकालिकात एक प्रयोग छापून आला. ४० निरोगी तरुण. त्यांना दिलेलं कोडं आपल्या किराणा दुकानात बसेल असं : पिशवीत अमुक किलोच मावतात, समोर वेगवेगळ्या वजनाच्या आणि किमतीच्या वस्तू, जास्तीत जास्त किमतीचा माल भर. प्रत्येकाने ते वेगवेगळ्या दिवशी चारदा केलं : एकदा मोडाफिनिल घेऊन, एकदा मेथिलफेनिडेट, एकदा डेक्सअॅम्फेटामिन (हीही तरतरी आणणारी औषधं) आणि एकदा औषध नसलेली पोकळ गोळी घेऊन. कधी काय घेतलंय ते त्यांना ठाऊक नव्हतं. खऱ्या औषधांवर असताना मंडळींनी जास्त वेळ घालवला, वस्तू आत-बाहेर करण्याचा सपाटा लावला, मेहनत वाढली. मात्र प्रत्येक चालीतला विचार पातळ झाला. काढ-घाल भरपूर, पिशवीतला माल पोकळ गोळीवर भरला त्यापेक्षा कमी किमतीचा. एरवी जे सरासरीच्या वर होते त्यांतले बरेच औषधावर सरासरीच्या खाली घसरले.

आता तुझा ता. क. पुन्हा वाच. सगळ्या पत्रातलं खरं वाक्य तू शेपटीला बांधलंस.

आणि 'प्रयोग' हा शब्द तू वापरलास म्हणून विचारते. नऊ दिवसांआधीचे तुझे मार्क, झोपेचे तास, किती पानं झाली आणि त्यातलं किती आठवलं, हे कुठे लिहून ठेवलंयस? गोळी खरी आहे की खडूची हे तुला कळणार नाही अशी काही सोय केली होतीस? अर्धी स्ट्रिप म्हणतोस. अर्धी का? मित्राने कात्रीने कापून दिली. नाव, बॅच नंबर, मुदत संपण्याची तारीख दुसऱ्या अर्ध्यावर राहिली. नऊ दिवस तू काय गिळलंस हे तुला तरी छातीठोकपणे सांगता येईल का? आमच्या दुकानात कोणी असा तुकडा आणून "हीच द्या" म्हटलं की मी आधी विचारायची, हीच म्हणजे कुठली? प्रयोग करणारा माणूस निदान परीक्षानळीवर चिठ्ठी चिकटवतो रे.

शिवाय ही डॉक्टरांच्या पर्चीवर मिळणारी औषधं आहेत. वेष्टनाच्या डाव्या कोपऱ्यात 'आरएक्स' छापलेलं असतं. ती पर्ची म्हणजे नुसती सरकारी कटकट नसते. तुला कधी फिट आली आहे का, बीपी आहे का, छातीत धडधडतं का, आणखी कुठली गोळी चालू आहे का, हे कोणीतरी विचारावं म्हणून ती असते. मोडाफिनिलने डोकेदुखी, मळमळ, घालमेल हे नेहमीचं. क्वचित, अगदी क्वचित, अंगावर पुरळ येऊन कातडी सोलवटण्यापर्यंत मजल जाते. अंगावर पुरळ, तोंडात फोड, ताप, असं काही आताही दिसलं तर वाट न बघता सरळ डॉक्टर गाठायचा आणि काय घेतलं ते खरं सांगायचं. आणि लायब्ररीतला कोणी उद्या "याहून भारी आहे" म्हणत मेथिलफेनिडेट पुढे करेल. त्याला हातसुद्धा लावू नकोस. ते अमली पदार्थांच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली येतं. शेड्यूल एक्समधलं औषध. त्याची पर्ची दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदाराला दोन वर्षं जपावी लागते. ज्यांना एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा विकार आहे त्यांच्यासाठी ते डॉक्टर देतात. सरकारी नोकरीची तयारी करणाऱ्या मुलाने त्या कायद्याच्या आसपास फिरू नये, हे मी तुला सांगायला हवं?

आता बाबांकडे वळू. तुझ्या पत्रात मला सगळ्यात आवडलेलं वाक्य त्यांचं आहे : "आम्ही बदाम आणि ब्राह्मीवर शिकलो." साफ खोटं. म्हणजे ते खोटं बोलत नाहीत, त्यांना ठाऊक नाही. त्यांचं वय आणि इंदूरचं मराठी घर बघता ते कशावर शिकले ते मी सांगते. परवच्यावर.

आमच्या रामबागेतल्या घरी दिवेलागणीला आजोबा पाटावर बसायचे. शुभंकरोती झालं की पाढे. दोन ते तीस. मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. पुस्तक समोर नाही. चुकलं की तो पाढा पहिल्यापासून. आजोबा मधेच मोडता घालून उलटं विचारायचे, "एकोणतीस सत्ते?" आणि माझ्या धाकट्या भावाचा चेहरा असा व्हायचा की अजून आठवला तरी हसू येतं. (दोनशे तीन. बघ, साठ वर्षं झाली.) त्यानंतर जेवण आणि साडेनऊला दिवे बंद. बदाम मिळायचे ते दिवाळीत, बासुंदीवर, मोजून.

या परवच्यात होतं काय? पुस्तक मिटून डोक्यातून काढून दाखवणं, रोज, थोडं थोडं, आणि नंतर झोप. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या दोघा मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर हेच ताडून बघितलं. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे बरेच पुढे. यातली गोम अशी की वाचणाऱ्यांना आपलं पाठ झालंय याची खात्री जास्त होती! चार तासांच्या बैठकीनंतर तुला जे भारी वाटतं ना, ते तेच असावं.

तर प्रयोग करायचाच आहे, कर. पण हा कर. दोन आठवडे, गोळी नाही. रोजच्या एका विषयाचं, समज होळकरांचं प्रकरण, एकदा नीट वाच. पुस्तक मीट. कोरा कागद घे. महिदपूरची लढाई कधी, कोणाकोणात? २१ डिसेंबर १८१७. मग मंदसौरचा तह कधी? जानेवारी १८१८. तहात होळकरांचं काय काय गेलं? जे आठवत नाही तिथे रिकामी ओळ सोड. मग पुस्तक उघड आणि फक्त त्या रिकाम्या ओळी भर, लाल शाईने. तोच कागद दोन दिवसांनी, मग आठवड्याने, पुन्हा कोरा. लाल शाई दर खेपेला किती लागली ते वहीत टिपून ठेव. झोपेचे तासही टिप, सात तरी झालेच पाहिजेत. शेवटचा चहा चारच्या आत. भंवरकुआँला रात्री नऊचा कट चहा चालतो तो बंद, कॅफिन निम्मं व्हायलाच पाचेक तास लागतात. मॉकचे मार्क आधीचे आणि नंतरचे शेजारी शेजारी मांड. पहिले तीन-चार दिवस फार वाईट वाटेल हे आताच सांगून ठेवते. कोरा कागद माणसाचा अपमान करतो. वाचताना सगळं येत असतं आणि कागदावर निम्मंही उतरत नाही. गोळी हा अपमान टाळायला मदत करते, म्हणून ती आवडते, असा मला दाट संशय आहे.

आणि प्रश्न विचारायला माणूस लागेल. तो घरात आहे. जेवणं झाली की वीस मिनिटं पुस्तक बाबांच्या हातात दे आणि म्हण, "विचारा." कुठूनही, उलटसुलट. त्यांना एकोणतीस सत्ते विचारून बघ आधी, येत असणार. बदाम आणि ब्राह्मीपेक्षा त्यांच्याकडे देण्यासारखं काय आहे हे त्यांनाही नव्याने कळेल.

हे पत्र आई-बाबांनाही दाखव. म्हणून दोन ओळी त्यांच्यासाठी.

काका-काकू, तुमचा मुलगा नशा करत नव्हता. चार मार्कांनी हुकलेला मुलगा घाबरलेला असतो आणि घाबरलेला माणूस बाटलीतलं काहीही पितो. तुम्हीही त्याला पाजलंच की. नशा, व्यसन असे शब्द घरात फेकलेत तर पुढच्या वेळी तो कंपासपेटीपेक्षा बरी जागा शोधेल. त्याला ओरडण्याऐवजी एवढंच विचारा की झोप लागते का, जेवण जातं का, छातीत धडधडतं का. आणि नातेवाइकांसमोर या परीक्षेचा विषय काही महिने काढू नका. त्या चार मार्कांचा हिशेब तुम्ही किती जणांना सांगितलात ते आठवून बघा.

पुन्हा तुझ्याकडे. "शरीर माझं, मेंदू माझा" याला माझी हरकत नाही. तू सज्ञान आहेस. उद्या गाडी चालवशील, मत देशील, लग्न करशील. पण डॉक्टरला न विचारता, तुकड्यातली गोळी, लपवून, यातलं कुठलंच मोठेपणाचं लक्षण नाही. बाबांना पटवायचं असेल तर वाद जिंकायला बसू नकोस. सिरपचा मुद्दा खरा असला तरी आज खिशात ठेव. सरळ म्हण : "बाबा, मी घेतल्या. विचारायला हवं होतं. भीती वाटत होती. आता बंद केल्यात. पण वाचलेलं लक्षात राहत नाही ही माझी अडचण खरी आहे, त्यासाठी डॉक्टरांकडे तुम्ही चला माझ्याबरोबर." कारण तशी ती खरी असूही शकते. लहानपणापासूनच लक्ष टिकत नसेल, झोप बिघडलेली असेल, घोरत असशील, थायरॉइड किंवा बी-ट्वेल्व्ह कमी असेल (शाकाहारी घरांत बी-ट्वेल्व्हची कमतरता बरीच सापडते), मन खचलेलं असेल, तर त्याचे उपचार आहेत. आणि उपचारात एखादी गोळी निघालीच, तर ती पर्चीवर तुझ्या नावाची असेल. डॉक्टरांकडे जायला अवघड वाटत असेल तर आधी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन कर, पैसे पडत नाहीत.

एक म्हातारे गृहस्थ आमच्याकडे दर महिन्याच्या दोन तारखेला डोनेपेझिल घ्यायला यायचे, पत्नीसाठी. अल्झायमर. मेंदूतलं अॅसिटिलकोलीन नावाचं रसायन लवकर संपू नये म्हणून देतात ते. घसरण थोडी सावकाश होते, थांबत नाही, हे त्यांना डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. मी एकदा विचारलं, फरक वाटतो का काका? म्हणाले, "परवा मला विचारलं, तुम्ही कोण. पण चहा घेणार का, हेही विचारलं." आणि सुटे पैसे मोजून निघून गेले. स्मरणशक्तीची गोळी म्हटलं की मला ते आठवतात. तुझ्याकडे मेंदू धडधाकट आहे आणि तू त्याला रात्री झोपू देत नाहीस, म्हणून रागवावंसं वाटतं. रागवत नाही.

त्या उरलेल्या गोळ्या आजच निकालात काढ. मित्राला परत करू नकोस, तो दुसऱ्या कोणाला देईल. स्ट्रिपमधून काढून चहाच्या चोथ्यात कालव, पिशवीत बांध आणि कचऱ्याच्या गाडीत टाक. ओल्या-सुक्याचं काय ते आईला विचार, इंदूर आहे. पण आज रात्रीपर्यंत त्या घरात कुठे ठेवल्या आहेस ते बघ. नाव नसलेल्या पांढऱ्या गोळ्या आणि घरातली मोठी माणसं, ही जोडी मला दुकानात असल्यापासून धास्ती देते. बाबांना बीपीची गोळी असेल आणि ती ते पहाटे चष्मा न लावता घेत असतील, तर त्या डब्याच्या आसपास आहेत का, हे आधी उठून बघून ये.

— काकू